बिजाईचा सत्कार

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून भाचा आला आणि त्याच्या हट्टापायी नागझिऱ्याच्या वेशीवरच्या एका रिसॉर्टात जेवायला जावं लागलं. घर तीन किलोमीटरवर, पण त्याला 'इथलं' जेवायचं होतं. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: चुलीवरचं गावरान भरीत, अस्सल झाडीपट्टी चव. भरीत आलं. पहिल्याच घासाला कळलं की हे वांगं आमच्या मातीत कधी उभं राहिलेलं नाही. बी नावाला, कडवटपणा नाही, गोडवा नाही, चव ओल्या कापसाची. वाढणारा पोरगा शेजारच्या गावचा, माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. त्याला विचारलं, "काय रे बाबू, वांगे कुठचे?"

"गोंदियाहून येतेत, गुरुजी. रोज सकाळी गाडी येते."

"मंग यात गावरान काय?"

पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "चूल गावरान आहे, गुरुजी."

आमचा गेल्या वीस वर्षांतला वाणसंवर्धनाचा सगळा कारभार त्या उत्तरात आला. चूल गावरान, फळा गावरान, भाषण गावरान. वांगं तेवढं ठोक बाजारातलं.

मी याच भागातला. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं खडू झिजवला आणि आता जंगलाच्या काठावरच्या गावात राहतो. नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०१३ च्या डिसेंबरात नवेगावसकट त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि तेव्हापासून पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरीच्या फाटकांवर पहाटे जिप्सींची रांग लागते. वाघिणीला किती पिल्लं, कोणतं कोणत्या तळ्यावर दिसलं, हे मुंबईच्या माणसाला तोंडपाठ असतं. मारुती चितमपल्ली नवेगावला वर्षानुवर्षं वनाधिकारी होते. त्यांची पुस्तकं काखेत मारून येणारेही पुष्कळ. चांगलंच आहे. अशाच एका पक्षीवाल्या पाहुण्याला मी एकदा म्हणालो, "आमच्याकडे पोपट आता दिसेनासा झाला." त्यानं लगेच दुर्बीण काढली, वही काढली आणि विचारलं, कोणता पोपट? मी वालाच्या शेंगांबद्दल बोलत होतो. आमच्याकडे वालाला पोपट म्हणतात. शेंग आहे म्हटल्यावर त्यानं दुर्बीण पिशवीत टाकली.

तर मी त्या पोपटाबद्दल बोलणार आहे.

घरामागच्या तुकड्याला आम्ही सांदवाडी म्हणतो. कुणाची दोन खाटा टाकाव्यात एवढी, कुणाची पाच-सहा गुंठ्यांची. भोवती बोरीबाभळीच्या फांद्यांचं कुंपण आणि कुंपणावर पोपट: एक हिरवा चपटा, एक जांभळ्या काठाचा, एक आखूड आणि पांढरट, जो संक्रांतीपर्यंत थांबल्याशिवाय शेंग देत नसे. मांडवावर लवकी, म्हणजे दुधी, आणि दोडका. कवेलूच्या छपरावर लांब मानेचं कोहळं. पुण्याचा माणूस त्याला लाल भोपळा म्हणेल. मोरीच्या पाण्यावर धोपा आणि केळ. आळ्यात वांगी, बोराएवढी आंबटढाण भेदरं, म्हणजे गावठी टमाटर, लाल आणि काळ्या बियांची बरबटी, कडेनं अंबाडी, उंबऱ्याजवळ सांभार, कोपऱ्यात मुनगा, जांब (म्हणजे पेरू), सीताफळ. कुंपणाबाहेर आपोआप उगवणारं काटवल. आता या यादीतलं काय काय कुठल्या पाकिटातून आलं होतं? काहीच नाही. कोहळं माझ्या आजीच्या माहेराहून, काळी बरबटी मावशीच्या गावाहून, पांढरं वांगं कुणा व्याहीणबाईच्या ओटीतून. बिजाईचं, म्हणजे राखलेल्या बियाण्याचं, गोत्र आमच्याकडे बाईच्या माहेरावरून चालतं. तलाठ्याच्या सातबाऱ्यात बापाचं नाव, सांदवाडीच्या सातबाऱ्यात आजीचं.

माय कोहळ्याच्या वेलाला तिसरं-चौथं लागलेलं फळ बियांसाठी सोडायची. त्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधलेली असे. चिंधी दिसली की पोरंही हात लावत नसत. फळ वेलावरच पुरतं पिकून, देठ वाळून मग उतरायचं. बिया शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीवर थापायच्या. वांगं पिवळंधम्मक होऊन सुरकुतेपर्यंत झाडावर, मग बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत. राख ओल ओढते, किडीला फिरू देत नाही. मक्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला, धुरात. पोपटाचं बी वाळलेल्या लवकीच्या तुंब्यात, तोंडाला शेणाचं बूच. परागीभवन हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता, पण आपल्या कोहळ्याजवळ दुसरं कोहळं ती लावू देत नसे. शेजारणीच्या वेलाची सावली पडली की फळ बाटतं, असं तिचं शास्त्र. सावली म्हणजे मधमाशी, एवढाच काय तो फरक. कोहळ्याचं फूल पहाटे उघडतं, लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी. कधी कुठल्या मांडवाखाली उभं राहायचं हे तिला घड्याळाविना ठाऊक होतं. वांगं आणि पोपट बहुतेक आपल्या आपल्यातच फळतात म्हणून ती बाजूबाजूला चालतात, वेलवर्गाचं तसं नाही, हे मी नोकरीला लागल्यावर पुस्तकात वाचलं आणि तिला ऐटीत सांगितलं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुस्तक मिटलं.

आता हे सगळं गेलं कसं? कुणी परदेशी कंपनीनं रात्री येऊन चोरून नेलं नाही. भाषणात तसं म्हणायला बरं वाटतं, टाळ्या पडतात.

आधी कवेलू गेले. घरकुल आलं, स्लॅब आला. चैत्रात तापलेल्या स्लॅबवर कोहळ्याचा वेल चढत नाही, भाजतो. कित्येकांनी जुनं घर पुढे ठेवून घरकुल मागे बांधलं, म्हणजे थेट सांदवाडीवर. उरलेल्या जागेत गिट्टी, रेती, मग फरशी, मग मोटरसायकल. पक्कं घर नको होतं असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात मी वाढलोय. पण घराचा नकाशा काढणाऱ्या एकाही इंजिनियरला मागच्या दारी काय आहे हे पाहावंसं वाटलं नाही. मग चूल गेली. ते बरंच झालं. त्या धुरानं बी टिकायचं आणि मायची छाती जायची. पण धुराची जागा कशानं भरायची, हे तिला कुणी सांगितलं नाही.

मग डुकरं आणि वांदरं. इथे मी शहरी वन्यजीवप्रेमींची माफी मागणार नाही. जंगलकाठच्या गावात एका रात्रीत रानडुकराचा कळप सांदवाडीत शिरला की सकाळी नांगरलेली जमीन मिळते. धानाच्या बांधीचं नुकसान झालं तर अर्ज, पंचनामा, चकरा, आणि नशीब असेल तर भरपाई. सांदवाडीतल्या दोन वेलांचा पंचनामा कोण करणार? भरपाईच्या तक्त्यात 'आजीच्या माहेरचं कोहळं, नग एक' असा रकाना नाही. बाया दोन वर्षं लावतात, तिसऱ्या वर्षी सोडून देतात. आणि बी असं आहे की तीन-चार वर्षं पेरलं नाही तर ते बी राहत नाही.

मग आलं पाकीट. कुपोषण हटवायचं म्हणून एका सरकारी कार्यालयानं आमच्या गावात परसबागेच्या बियाण्यांचे संच फुकट वाटले. हेतू उत्तम. बाया रांगेत. पाकिटावर टमाटरचं चकचकीत चित्र आणि खाली बारीक अक्षरात 'संकरित'. पहिल्या वर्षी टमाटर लगडले. पुढच्या वर्षी बायांनी सवयीनं त्याचंच बी धरलं आणि लावलं. तर एक झाड उंच, एक खुजं, एकाची फळं लंबोळी, एकाची गोल, काहींना धरलीच नाहीत. संकरित वाणाची पुढची पिढी आईबापांसारखी निपजत नाही, हे पाकिटावर बारीक अक्षरातही लिहिलेलं नव्हतं. बायांना वाटलं, आपलाच हात गेला. आपल्या हाताचं बी धरायला नको, हा धडा त्या एका हंगामात जेवढा पक्का बसला तेवढा माझ्या चौतीस वर्षांच्या फळ्यावर एकही बसला नाही. त्याच कार्यालयाच्या भिंतीवर राहीबाई पोपेरेंची तसबीर आहे. कोंभाळण्याच्या या बाईनं घरात गावठी बियांची बँक उभी केली, २०२० मध्ये पद्मश्रीच्या यादीत तिचं नाव आलं. ती बाई बी देते आणि पिकल्यावर परत मागते, म्हणून ती मोठी. तिच्या तसबिरीखाली संकरित पाकिटांची खोकी रचून ठेवायला कुणाला काही वाटलं नाही.

आता कागदाकडे येऊ. कागदावर आम्ही जगाच्या पुढे आहोत. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकंच काय विकण्याचाही हक्क दिला. फक्त ते ब्रँडच्या नावानं विकायचं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समिती नेमायला सांगितली आणि प्रत्येक समितीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची होती. सतरा वर्षं बहुतेकांना त्या वहीची आठवण झाली नाही. मग २०१९ च्या ऑगस्टात राष्ट्रीय हरित लवादानं दम भरला: ३१ जानेवारी २०२० पर्यंत वह्या पुऱ्या करा, नाहीतर राज्यामागे महिन्याला १० लाख रुपये भरा. त्याबरोबर देशभर लोकांना एकाएकी निसर्गाचा कळवळा आला.

आमच्या गावची वही अर्ध्या दिवसात झाली. एक तरुण लॅपटॉप घेऊन ग्रामपंचायतीत बसला, दोन वेळा चहा प्याला, सरपंचाच्या चार सह्या घेऊन गेला. सांदवाडीत तो गेला नाही. एकाही बाईशी बोलला नाही. ती वही मला पुढे दोन वर्षांनी कपाटावरच्या धुळीत पाहायला मिळाली. तिच्यानुसार आमच्या गावात कोकम आहे. गोंदिया जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो कोस दूर, कोकम! कोकणातल्या कुठल्यातरी गावची वही उचलून नाव बदललेलं. काटवल नव्हतं. लाखोळीची डाळ नव्हती. देवधान, जे तळ्यांच्या काठावर आपोआप उगवतं आणि आमच्या ढीवर-गोंड बायांना दाणा दाणा झोडून गोळा करता येतं, तेही नव्हतं. पोपट मात्र होता. पक्ष्यांच्या यादीत.

मी ग्रामसभेत उभा राहून हे वाचून दाखवलं. लोक पोट धरून हसले, सचिवही हसला. ठराव झाला की वही दुरुस्त करावी. ठरावाची नोंद झाली, वही तशीच आहे.

या वहीच्या बाजूला राज्याची मोठी तिजोरी ठेवून पाहा. २०२२ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं महाराष्ट्र जनुक कोशाला मान्यता दिली, पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये. मी तिजोऱ्यांच्या विरोधात नाही. गोंदियाहून गाडीत बसलं की दोन-तीन तासांत रायपूर येतं. तिथे डॉ. आर. एच. रिछारिया नावाच्या धानवेड्या शास्त्रज्ञानं छत्तीसगडच्या गावागावांतून १७ हजारांहून अधिक नमुने जमवले होते. त्यांची संस्था सत्तरच्या दशकात बंद पाडली गेली, धान कृषी विद्यापीठाच्या ताब्यात गेलं आणि २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीशी त्याचा सौदा होत असल्याचं फुटलं. लोक रस्त्यावर आले, कंपनी मागे हटली. लुचई, दुबराज, गुरमटिया ही नावं आज कुठेतरी जिवंत आहेत ती त्या माणसामुळे. तेव्हा कोश हवाच. पण रायपूरच्या गोष्टीतून मी एवढंच घेतो की एका कुलपाखाली सगळं ठेवलं की किल्ली कुणाकडे, यावर सगळं अवलंबून. दिल्लीच्या राष्ट्रीय कोशात बी उणे १८ अंशांवर झोपवतात. ते झोपलेलं असतं तेव्हा पाऊस बदलतो, कीड बदलते, माती बदलते. त्याला यातलं काहीच कळत नाही. मायच्या तुंब्यातल्या बियाला दरवर्षी उन्हापावसात उभं राहून आपली लायकी दाखवावी लागे. ते खातं चालू खातं होतं.

आणि चालू खातं चालवणाऱ्यांचं आम्ही काय करतो? दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, आमच्यापासून फार लांब नाही. दीड-दोन एकराचा धनी, शिक्षण जेमतेम. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना दोन-चार लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी खुडून वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं निवडल्या, आणि बारीक, चवदार, भरघोस असा धान उभा केला. व्यापाऱ्यानं नाव विचारलं तेव्हा नाव नव्हतं, म्हणून त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव देऊन टाकलं: एचएमटी. आज नागपूर-रायपूरच्या कुठल्याही किराणा दुकानात एचएमटी मागा. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून ५ किलो बी नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावाचा सुधारित वाण आला. दादाजींना त्यातून काय मिळालं? सत्कार. राष्ट्रीय पुरस्कार, फोर्ब्सच्या यादीत नाव, शाली एवढ्या की त्यांची गोधडी व्हावी. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या शोधग्राम रुग्णालयात ते वारले, तेव्हा उपचाराच्या पैशांसाठी घरच्यांची ओढाताण सुरू होती. दुसऱ्या दिवशी श्रद्धांजल्या आल्या. त्या लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पोटात त्या दिवशीही एचएमटीचाच भात असेल.

भौगोलिक मानांकनाचंही तेच. भिवापूरच्या मिरचीला मानांकन मिळालं, पेढे वाटले गेले. तोवर भिवापुरातच तिची जागा संकरित मिरचीनं घेतलेली होती. ताम्रपट हाती आला तेव्हा राजा वारला होता.

आता आमच्याच बाजूच्या लोकांचंही थोडं उणंदुणं काढायला हवं, नाहीतर लेख एकांगी झाला म्हणून मलाच पत्रं येतील.

२०१० च्या सुरुवातीला जनुक बदललेल्या बीटी वांग्यावर केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं. वांगं मूळचं आपलं, त्याच्या शेकडो जाती आपल्याकडे, त्यांना बाट लागेल, असा आवाज उठला आणि ९ फेब्रुवारीला बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. मी खूश होतो. मग जिंकलेले आम्ही सगळे घरी आलो आणि वाटेत बाजारातून संकरित वांगी विकत घेऊन आलो. ज्या शेकडो जातींसाठी घसा कोरडा केला त्यांतली एकही त्या संध्याकाळी कुणाच्या पिशवीत नव्हती. माझ्याही नव्हती.

दुसरे ते 'देशी'वाले. शहरांतल्या प्रदर्शनांत दहा बिया सुबक कागदी पाकिटात, वर वारली चित्र, किंमत शंभर रुपये, आणि तोंडी व्याख्यान: आपलं शुद्ध भारतीय वाण, ऋषिमुनींच्या काळापासूनचं. पाकिटात काय असतं? मिरची, टमाटर, कोहळं, मका. दादा, हे सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांतून चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आलं. आमची सीताफळं आणि जांबंही तिकडचीच. आमच्या ऋषींनी मिरची पाहिली नव्हती; पाहिली असती तर शाप जरा जास्त तिखट दिले असते. भेदरं गावरान झालं ते त्याचं रक्त शुद्ध म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्यातलं आमच्या पावसाला टिकणारं फळ निवडत राहिलं म्हणून. बाहेरचा पोरगा गावात वाढला, गावाची बोली बोलू लागला की गावचा होतो, तसं. शुद्धतेचा हा सोस माणसांच्या बाबतीत काय करून ठेवतो ते आपण पाहतोच आहोत, तो आता भाजीपाल्यात कशाला?

आणि जुनं ते सगळं अमृत, असंही नाही. लाखोळी घ्या. धान कापणीला येण्याच्या आधी बांधीतल्या ओलीवर उभ्या धानात तिचं बी फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. ना नांगर, ना पाणी, ना खत. धान निघाला की खाली लाखोळी तयार. कोवळी भाजी, वाळवलेली भाजी, डाळीचे वडे. गरिबाचं पीक. पण तिच्यात ओडॅप नावाचं विष असतं, आणि दुष्काळात जेव्हा महिनोन्‌महिने माणसं लाखोळीवरच जगली तेव्हा पायांनी लुळी झाली. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. मी लहानपणी बंदीतली लाखोळी पोटभर खाल्ली आहे आणि आजही चालतो, पण माझे पाय हा पुरावा नव्हे. आमच्या ताटात तिच्याबरोबर भात होता, भाजी होती. पुढे शास्त्रज्ञांनी विष कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवडा असे वाण काढले. ते कशातून काढले? जुन्याच लाखोळ्यांतून निवडून, संकर करून. प्रयोगशाळेला शिव्या देणाऱ्यांनी आणि जुन्या वाणांना अडगळ म्हणणाऱ्यांनी लाखोळीच्या एका वड्यासमोर समोरासमोर बसावं.

काटवलाची कथा त्याहून वेगळी. बाजारात त्याचा भाव पहिल्या पावसात कोंबडीला मागे टाकतो, म्हणून पोरं कुंपणं आणि जंगल पिंजून काढतात. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, फळ मादीलाच. बी लवकर उगवत नाही, उगवलं तरी फूल येईपर्यंत नर की मादी कळत नाही. खरा जीव जमिनीतल्या कंदात. जाणत्या बाया कंद राखायच्या, नर वेलही राखायच्या. आता कुणीतरी 'फळ देत नाही' म्हणून नर वेल उपटतं आणि पुढच्या वर्षी मादीही का फळत नाही म्हणून कपाळाला हात लावतं. यावर एक धडा चौथीच्या पुस्तकात हवा होता. नव्हता. मीही कधी शिकवला नाही.

हो, माझंही सांगतो. इतरांचे कान धरून झाले.

माय २००८ मध्ये गेली. तिच्या मागे जे उरलं त्यात एक चुंबळीएवढी पुरचुंडी होती, राखेतल्या वांग्याच्या बियांची. पांढरं, अंड्याएवढं, पाठीवर हिरवी रेघ. भाजलं की लोण्यासारखं. मी ती पुरचुंडी मोठ्या भक्तीनं स्टीलच्या कपाटात ठेवली, तिच्या लुगड्याजवळ. येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवायचो. एका शिबिरात तिच्यावर भाषणही केलं, शाल मिळाली. पेरलं नाही. बदली होती, पाणी नव्हतं, पुढच्या वर्षी बघू. २०१९ मध्ये निवृत्त होऊन गावी आलो, मृगाच्या आधी वाफा केला, चाळून माती घातली आणि ते सगळं बी पेरलं. वांग्याचं बी घरात चार-पाच वर्षं तग धरतं. हे अकरा वर्षांचं होतं. एकही उगवलं नाही. पंधरा दिवस मी रोज सकाळी त्या वाफ्यासमोर उकिडवा बसत होतो. मायला चुलीवर, डुकरांत, दुष्काळात जे जमलं ते मला पेन्शन आणि विहीर असून जमलं नाही. ज्याला मी जपणं म्हणत होतो ते तेराव्यानंतरचं वर्षश्राद्ध होतं.

म्हणून आता सत्काराला कुणी बोलावलं की मी विचारतो, जेवायला काय आहे? बीजावरच्या परिसंवादात पनीर आणि फुलकोबी वाढणाऱ्या आयोजकांना हा प्रश्न आवडत नाही. शालेच्या पैशांत चार सांदवाड्यांना तारेचं कुंपण होतं. शाळेच्या खिचडीत पडणारी भाजी ठेकेदाराच्या गाडीतून येण्याऐवजी गावातल्या बायांकडून रोख घेतली तर पोपटाला कुठल्याही कोशाची गरज नाही. आणि ज्या रिसॉर्टला फळ्यावर 'गावरान' लिहायचं आहे त्यानं कुणाच्या सांदवाडीतलं, ते नावही लिहावं. जंगलखात्याच्या परवान्यासाठी एवढ्या अटी असतात, एक ही. होणार नाही, मला ठाऊक आहे. फुकट पाकीट वाटण्यात फोटो निघतो. बाईकडून वीस रुपयांची बरबटी घेण्यात कसला फोटो?

वांगं गेलं, पण मायचं कोहळं गावात एका घरी अजून आहे हे मला मागच्या वर्षी कळलं. नात्यानं ती माझी मामी लागते, ऐंशीच्या पुढची. मायनंच कधीतरी तिला बी दिलं होतं. मी गेलो, मागितलं. तिनं आधी विचारलं, "कपाटात ठेवाले पायजे का?" गावात काही लपत नाही. मग भिंतीवरची शेणाची थापी फोडून सहा बिया मोजून दिल्या. अट एक, पिकलं की एक फळ परत.

चार उगवल्या. वेल मांडवावर गेला, श्रावणात फुलं आली, पाच फळं धरली. लांब मानेची, तीच. मी चिंधीसुद्धा बांधली. पोळ्याच्या आदल्या रात्री डुकरं कुंपण मोडून आत आली आणि सकाळी मांडवाचे खांब तेवढे उभे होते.

तोंड दाखवायची लाज वाटत होती. आठ दिवसांनी गेलो. म्हटलं, "मामी, वेल गेला."

ती सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत होतं मले. म्हून अर्धेच देले होते."

मग उठली, भिंतीशी गेली आणि थापीचा उरलेला अर्धा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "या खेपेले," म्हणाली, "आधी कुंपण घाल. मंग ये."

तुकडा तिनं परत घेतला.